बंदराचा हक्क आणि बंदराची वाट : औशाहून पाहिलेला हैदराबाद राज्याचा सागरी व्यापार

औशाच्या परिसरांत पडणारें पाणी पूर्वेस जातें. तावरजा व तेरणा या नद्या मांजरेस मिळतात, मांजरा गोदावरीस मिळते, आणि गोदावरी तें पाणी बंगालच्या उपसागरांत नेऊन टाकते. परंतु याच परिसरांतला माल समुद्राकडे निघाला म्हणजे तो बहुधा उलट दिशेस, पश्चिमेस, चालूं लागे. बहामनी काळीं चौल व दाभोळ, आणि पुढें मुंबई, हीं या बाजूचीं बंदरें. औशापासून मच्छलीपट्टण सरळ रेषेनें सुमारें ३३५ मैलांवर आहे. चौल किंवा दाभोळ सव्वादोनशें मैलांच्या आसपास. घाट उतरण्याचा त्रास जमेस धरला तरी पश्चिमेची वाटच जवळची. पाणी एका समुद्रास आणि माल दुसऱ्या समुद्रास, ही गोष्ट वरवर साधी आहे. पण हैदराबाद राज्याच्या व्यापाराचा इतिहास समजून घेण्यास तिचा मोठा उपयोग होतो.

हैदराबाद हें १७८८ पासून १९४८ पर्यंत भूवेष्टित राज्य होतें. त्याच्या चारी बाजूंस परक्या सत्तेची भूमि होती आणि समुद्राचा एक हातभर किनाराहि त्याच्या हातीं नव्हता. अशा राज्याच्या सागरी व्यापाराचा विचार करतांना सामान्यतः तहनामे पुढें ठेवण्यांत येतात, आणि त्यांत एक तह असा आहे कीं, ज्यानें निजामास मच्छलीपट्टण बंदराचा मोकळा उपयोग देऊं केला होता. मग या राज्याची अडचण ती कोणती, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. त्याचें उत्तर राजधानींत बसून तहनामे वाचल्यानें मिळत नाहीं. राज्याच्या पश्चिम सीमेजवळ, औसा-लातूरकडे येऊन, तेथील मालाच्या एका पोत्याचा प्रवास पाहिला म्हणजे तें मिळतें. बंदर वापरण्याचा हक्क आणि बंदरापर्यंत माल विनाअडथळा नेण्याआणण्याचा हक्क हे दोन निराळे हक्क होत. हैदराबादेस पहिला कागदोपत्रीं मिळाला, दुसरा पुरतेपणीं केव्हांच मिळाला नाहीं. आणि समुद्र नसलेल्या राज्यास खरें काम पडतें तें दुसऱ्याशीं. एवढें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

भूवेष्टित देशाच्या मालावर जो जादा खर्च बसतो, त्याचे तीन भाग पाडतां येतात. पहिला अंतराचा. जहाजावरून शेंकडों मैल माल नेण्यास जें पडतें, त्याहून पुष्कळ अधिक तोच माल बैलाच्या पाठीवरून किंवा गाडींतून थोडे मैल नेण्यास पडे. दुसरा चढउताराचा. बैलावरून गाडींत, लहान गाडींतून मोठ्या गाडींत, तेथून धक्क्यावर आणि धक्क्यावरून जहाजांत, असा माल जितक्या वेळां हलवावा तितक्या वेळां हमाली, मोडतोड, चोरी आणि खोळंबा ठरलेला. तिसरा भाग नाक्याचा. वाटेंत जितक्या सत्ता, तितक्या जकाती, तितक्या तपासण्या आणि तितकीं नाणीं. पहिल्या दोन भागांवर रस्ते व आगगाड्या हा उपाय आहे. तिसऱ्यावर मात्र अभियंत्याचा कांहीं इलाज चालत नाहीं. तो करारानेंच सुटावा लागतो, आणि करार पाळणाराची इच्छा असेल तोंवरच सुटलेला राहतो.

हा प्रश्न निजामी राज्याबरोबर जन्मास आलेला नाहीं. दख्खनच्या सुलतानांचें लष्करी बळ घोडेस्वारांवर उभें होतें, आणि चांगला घोडा अरबस्तान व इराण येथून समुद्रमार्गें येई. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौल येथें उतरला तो एक घोडा घेऊन, आणि जुन्नरवरून बीदरास गेला. जुन्नरच्या अधिकाऱ्यानें त्याचा घोडा अडकवून ठेविला होता. एका ओळखीच्या मोठ्या माणसाच्या मध्यस्थीनें तो सुटला. निकितीनानें बीदरजवळच्या एका जत्रेचेंहि वर्णन केलें आहे. ती आळंदची असावी असें अभ्यासकांचें मत आहे. तेथें विक्रीस वीस हजारांपर्यंत घोडे येत असें तो सांगतो. आंकडा सढळ हातानें दिलेला असला, तरी समुद्रापासून इतक्या आंत एवढा बाजार भरत होता ही गोष्ट राहतेच. हा बाजार चालण्यास चौल-दाभोळापासून बीदरापर्यंतची वाट एका सत्तेखालीं असणें अगत्याचें होतें. महमूद गवानानें १४७२ मध्यें गोवें घेतलें, त्याकडे या दृष्टीनेंहि पाहिलें पाहिजे. राजधानी आंत असलेल्या राज्यानें बंदर आणि बंदराची वाट हीं दोन्हीं आपल्या हातीं आणण्याचा तो यत्न होता.

१४८१ मध्यें गवानाचा वध झाला आणि पुढें थोड्याच वर्षांत बहामनी राज्य फुटलें. त्या फाळणीचा किनाऱ्याच्या दृष्टीनें विचार केला तर एक गोष्ट ठळकपणें दिसून येते. निजामशाहीकडे चौल आलें, आदिलशाहीकडे दाभोळ व गोवें, आणि कुतुबशाहीकडे पूर्वेचें मच्छलीपट्टण. वऱ्हाडची इमादशाही व बीदरची बरीदशाही या दोन सत्तांस समुद्र मिळाला नाहीं. औसा, उदगीर व कंधार हे किल्ले आरंभीं बरीदांकडे होते. ते सोळाव्या शतकाच्या मध्यास निजामशहानें घेतले. पांचांपैकीं वऱ्हाड १५७४ त अहमदनगरनें गिळलें आणि बीदर १६१९ त विजापुरानें. समुद्र नव्हता एवढ्याच कारणानें हीं राज्यें बुडालीं असें म्हणणें धाडसाचें होईल; घरभेद आणि शेजाऱ्यांचा लोभ हीं कारणें उघड आहेत. परंतु ज्यांस घोडे दुसऱ्याच्या नाक्यावरून आणावे लागत, तींच दोन राज्यें पांचांत दुबळीं राहिलीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. किनारा असलेल्यांसहि पुढें पुरतें सुख राहिलें नाहीं. १५१० त पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें आणि जहाजांस आपले परवाने घ्यावयास लावले, तेव्हां खुद्द समुद्रावरच नाका बसला.

१६३६ त औसा व उदगीर हे किल्ले मोगलांकडे गेले, आणि अठराव्या शतकांत ते निजामाच्या अमलाखालीं आले. १७६० च्या आरंभीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेस गांठलें तें याच टापूंत, उदगीर व औसा यांच्या दरम्यान. त्या वेळीं निजामाची पश्चिमेकडील वाट मराठ्यांच्या मुलखांतून होती, परंतु पूर्वेस त्याचा किनारा अजून नांवाला तरी होता. तोहि हातचा जाण्याच्या मार्गास लागला होता. १७५९ त इंग्रजांनीं फ्रेंचांपासून मच्छलीपट्टण जिंकून घेतलें आणि सलाबतजंगानें तें त्यांस तहानें दिलें. १७६६ व १७६८ च्या तहांनीं उत्तर सरकार कंपनीकडे गेले. राहिला होता तो गुंटूरचा मुलूख. तोहि १७८८ त कंपनीनें ताब्यांत घेतला. येथपासून निजामाचें राज्य सर्व बाजूंनीं बंद झालें.

यानंतर चौदा वर्षांनीं, १८०२ त, कंपनी व निजाम यांच्यांत व्यापारी तह झाला. त्याचीं मुख्य कलमें अशीं : निजामास मच्छलीपट्टण बंदराचा मोकळा उपयोग करतां यावा व तेथें त्यानें वखार आणि गुमास्ते ठेवावे, त्याच्या निशाणाखालीं जाणाऱ्या जहाजांस इंग्रजी जहाजांनीं संरक्षण द्यावें, दोन्हीं राज्यांच्या मालास एकमेकांच्या मुलखांत मोकळीक असावी, राहदारीच्या जकाती उठवाव्या, आणि मालावर शेंकडा ५ प्रमाणें एकदांच जकात घ्यावी. शब्दांवरून पाहतां भूवेष्टित राज्यास यापेक्षां अधिक काय हवें असें कोणासहि वाटेल. बंदर आहे, निशाण आहे, संरक्षण आहे आणि जकातीस मर्यादाहि आहे.

तरी या हक्काचा उपयोग फारसा झाला नाहीं. त्याचीं कारणें भूगोलांत व व्यवहारांत अशीं दोन्हीं ठिकाणीं आहेत. मच्छलीपट्टण हें खोल पाण्याचें बंदर नव्हे. किनारा उथळ असल्यामुळें मोठीं जहाजें कांहीं मैल बाहेर नांगरून राहात आणि माल होड्यांनीं न्यावा लागे. एकोणिसाव्या शतकांत त्याचें महत्त्व उतरत गेलें, आणि १८६४ च्या नोव्हेंबरांत झालेल्या भयंकर वादळांत समुद्र शहरांत शिरून सुमारें तीस हजार माणसें दगावलीं. दुसरें असें कीं, राज्याचा कापूस व गळिताचीं धान्यें पिकविणारा बराचसा प्रदेश मराठवाड्यांत, म्हणजे पश्चिमेस. तेथील शेतकऱ्यास पूर्वेचें बंदर देणें म्हणजे तहानलेल्यास तीन गांवें सोडून पलीकडची विहीर दाखविणें होय. औशाच्या मालास हवी होती ती मुंबईची वाट. आणि मुंबईविषयीं त्या तहांत असा हक्क नव्हता.

तहाचें एक कलम मात्र चांगलेंच टिकलें, तें शेंकडा ५ चें. आयात व निर्यात या दोन्हीं प्रकारच्या मालावर, कांहीं वस्तु सोडून, याच दरानें हैदराबाद सरकारची जकात बसे. या खात्यास करोडगिरी म्हणत, आणि सीमेवरचे करोडगिरीचे नाके या भागांतल्या लोकांच्या नित्य परिचयाचे होते. राज्यास हें उत्पन्नाचें मोठें साधन होतें. परंतु ५ ही मर्यादा हैदराबादेस बांधून राहिली. मुंबईच्या समुद्री जकातीस तशी कोणतीच मर्यादा नव्हती. एका बाजूचा हात बांधलेला आणि दुसरीचा मोकळा, असा हा प्रकार झाला.

आतां विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत औशाकडच्या जवसाचें, करडईचें किंवा कापसाचें काय होई तें पाहूं. शेतकरी माल गाडींत भरून लातूरच्या पेठेंत आणी. हें अंतर सुमारें १२ मैलांचें. तेथें आडत्याकडे सौदा होई. लातूरची पेठ वाढली ती मुख्यत्वें बारशी लाइट रेल्वेमुळें. २ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांची ही लहान गाडी १८९७ त कुर्डुवाडीपासून बारशीपर्यंत सुरू झाली आणि १९११ त लातूरास पोहोंचली. लातूर, मुरूड, तडवळें, येडशी हीं निजामी हद्दींतलीं स्थानकें. बारशी व कुर्डुवाडी इंग्रजी सोलापूर जिल्ह्यांतलीं. या सीमेपाशीं करोडगिरी. कुर्डुवाडीस लहान रूळ संपून मोठे रूळ लागत. मुंबईकडून येणारी मोठी लोहमार्गाची वाट सोलापूरपर्यंत १८६० त झाली होती. एका गाडीचा डबा दुसऱ्या गाडीच्या रुळांवर चालणें शक्य नसल्यामुळें प्रत्येक पोतें व प्रत्येक गठ्ठा तेथें हमालांच्या पाठीवरून पलीकडे न्यावा लागे. तेथून भोरघाट उतरून मुंबई, आणि मुंबईच्या गोदींतून परदेशीं.

वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, या प्रवासांत जहाजाची पावती मुंबईस तयार होई. त्या पावतीवर औशाचें नांव असण्याचें कारण नव्हतें. परदेशच्या व्यापाऱ्यास तो माल मुंबईचा. मुंबई बंदराच्या आंकड्यांतहि तो मुंबईचीच निर्गत म्हणून लागे. म्हणून मुंबई बंदराच्या वह्यांवरून हैदराबादचा सागरी व्यापार मोजूं जाणारास तो जवळजवळ नव्हताच असें वाटेल. त्याची नोंद असेल तर ती सीमेवरच्या नाक्याच्या व रेल्वेच्या दफ्तरांत. समुद्र नसलेल्या देशाचा सागरी इतिहास जमिनीवरच्या दफ्तरांत शोधावा लागतो. संशोधकानें हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

येणाऱ्या मालाची तऱ्हा याहून कठीण. विलायती वस्तु मुंबईस उतरली कीं तिच्यावर ब्रिटिश हिंदुस्थानची समुद्री जकात बसे. ती वस्तु ब्रिटिश मुलखांत खपणार कीं निजामी मुलखांत जाणार, हें कोणी पाहात नसे. १८९४ नंतर या जकातीचा सामान्य दर शेंकडा ५ होता. तो १९१६ त साडेसात, १९२१ त ११, १९२२ त १५ झाला, आणि १९३१ त अधिभारासह २५ पर्यंत चढला. उदाहरणादाखल १९२२ सालीं शंभर रुपयांची वस्तु घेऊं. मुंबईस १५ रुपये जकात होऊन ती ११५ ची झाली. पुढें निजामी हद्दींत शेंकडा ५ प्रमाणें ५ रुपये १२ आणे. भाडें, हमाली व व्यापाऱ्याचा नफा न धरतां ती १२० रुपये १२ आण्यांस गेली. बारशीच्या गिऱ्हाइकास तीच वस्तु ११५ स पडे. दोन गांवांत एका सीमेचेंच काय तें अंतर. पण त्या सीमेची किंमत पावणेसहा रुपये. याहून महत्त्वाचें असें कीं, पहिले १५ रुपये औशाच्या गिऱ्हाइकाच्या खिशांतून जाऊन अशा सरकारच्या तिजोरींत पडत, ज्याच्या कारभाराशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता आणि ज्यानें बांधलेल्या शाळेंत त्याचीं मुलें शिकत नव्हतीं.

नाण्याचाहि घोळ होता. निजामी मुलखांत हाली सिक्का चाले आणि मुंबईचा व्यवहार कलदार रुपयांत. दोहोंचा ठरीव भाव १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदारांस सात हाली, असा होता. वरच्या उदाहरणांतील १२० रुपये १२ आणे कलदार म्हणजे हाली १४० रुपये १४ आणे. यांत कोणाचें प्रत्यक्ष नुकसान झालें असें नव्हे. नाणें हलकें म्हणून संख्या मोठी. परंतु प्रत्येक सौद्यांत बदल आला म्हणजे वटणावळ आली, आणि हिशेब न येणारास फसण्याची जागा आली.

मिठाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. मराठवाड्यास मीठ मुख्यत्वें कोंकणच्या आगरांतून येई. रेल्वेपूर्वीं लमाणांचे तांडे बैलांवर लादून तें घाटावर आणीत. ब्रिटिश अमलांत मिठावरचा कर तें आगरांतून बाहेर पडण्यापूर्वींच वसूल होई. अर्थात् औशाच्या बाजारांत जो कोणी मीठ विकत घेई तो तो कर किंमतीबरोबर देऊन मोकळा होई, मग तो प्रजा कोणाचीहि असो. १९३० च्या सत्याग्रहाच्या वेळीं मिठाच्या कराची चर्चा साऱ्या हिंदुस्थानांत झाली. निजामाचा प्रजाजनहि तोच कर देत होता, आणि तो उठवा असें सांगण्यास त्याला कोठें जागा नव्हती, ही गोष्ट मात्र त्या चर्चेंत मागें राहिली.

ही तक्रार संस्थानांकडून मांडली गेली नाहीं असें नाहीं. १९२७ च्या अखेरीस सर हार्कोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीपुढें समुद्री जकातीचा प्रश्न प्रामुख्यानें आला. ज्यांस किनारा नाहीं अशा संस्थानांची प्रजा ही जकात देते आणि तिचा वांटा संस्थानांस मिळत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. १९२९ च्या अहवालांत समितीनें या तक्रारींत तथ्य आहे असें मानलें. उपाय माहीत नव्हता असेंहि म्हणतां येत नाहीं. काश्मीरकडे जाणाऱ्या मालास जकातींत सवलत देण्याची पद्धति पूर्वींपासून होती. कोचीन व त्रावणकोर या बंदरें असलेल्या संस्थानांशीं १८६५ त निराळा करार झाला होता. म्हणजे माल मोहोरबंद करून पुढें पाठवावा किंवा घेतलेली जकात परत करावी, या दोन्हीं युक्त्या सरकारास ठाऊक होत्या. हैदराबादच्या बाबतींत त्या लागू करण्याची निकड सरकारास वाटली नाहीं, इतकेंच. वाट ज्याच्या मुलखांतून जाते त्यास घाई नसते.

१९४७ त हा प्रश्न पैशाचा न राहतां अस्तित्वाचा झाला. ब्रिटिश सत्ता गेल्यावर निजामानें स्वतंत्र राहण्याचा मनोदय धरला. सुमारें ८२ हजार चौरस मैलांचा आणि १९४१ च्या गणतीप्रमाणें एक कोटि त्रेसष्ट लाख वस्तीचा हा मुलूख आतां एकाच राष्ट्रानें सर्व बाजूंनीं वेढलेला झाला. पोर्तुगीजांच्या गोव्यांतील मार्मागोवा बंदर मिळवितां येईल काय, याविषयीं हैदराबादच्या बाजूनें खटपट झाली ती याच सुमारास. बंदर मिळालें असतें असें घटकाभर मानलें, तरी हैदराबादच्या सीमेपासून गोव्यापर्यंतचा मुलूख हिंदुस्थानचाच होता. १८०२ च्या तहांतली चूक तींच पुन्हां पुढें उभी राहात होती : बंदराचा विचार आधीं, आणि वाटेचा मागाहून.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजीं जैसे थे करार झाला. पुढल्या वर्षीं हैदराबाद सरकारनें आर्थिक कोंडी झाल्याची तक्रार चालविली. पेट्रोल, मीठ, औषधें मिळत नाहींत असें तिचें स्वरूप होतें. अशी नाकेबंदी आपण केलेली नाहीं, असें हिंदुस्थान सरकारचें म्हणणें. खरेंखोटें कसेंहि असो, अशा तक्रारीस जागा राहते यांतच भूवेष्टित राज्याची दुर्बलता आहे. कारण त्याची कोंडी करण्यास हुकूम काढावा लागत नाहीं, डबे वेळेवर न सोडले तरी पुरतें. राज्यानें शेवटीं आकाशाची वाट धरली. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ च्या उन्हाळ्यानंतर कराचीहून रात्रीं विमानें आणून बीदर, वरंगळ इत्यादि ठिकाणीं शस्त्रें उतरवीत असे. बंदुका विमानानें आणतां येतात. एक कोटि त्रेसष्ट लाख माणसांचें मीठ आणतां येत नाहीं.

याच काळांत सीमेवरील शिबिरांतून राज्याविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनीं ठिकठिकाणीं करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले केले. नाका हा त्यांस जुलमी राजवटीचा जवळांत जवळचा हात वाटे, हें उघड आहे. परंतु औसा-लातूरच्या शेतकऱ्याच्या मनांत त्या नाक्याविषयीं असलेला राग केवळ त्या वर्षाचा नव्हता; पोत्यामागें दोन पिढ्या दिलेल्या पैशांचाहि तो असला पाहिजे. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौज सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेनें शिरली आणि १७ रोजीं निजामानें शरणागति दिली. हैदराबादनें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे नेलेली तक्रार १६ सप्टेंबरास चर्चेस आली होती. निकाल जमिनीवर लागून चुकला होता.

पुढें करोडगिरी टप्प्याटप्प्यानें बंद झाली आणि हाली सिक्का चलनांतून गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. १९६० पासून तो महाराष्ट्रांत आहे. पश्चिमेचा किनारा आणि औसा हीं दोन्हीं पुन्हां एका राज्यांत आलीं. चढउताराचें ठाणें मात्र त्यानंतरहि पुष्कळ वर्षें राहिलें. लातूरची लहान गाडी जाऊन कुर्डुवाडीपर्यंत मोठे रूळ पूर्ण झाले ते २००८ मध्यें. राजकीय नाका उठण्यास एक सैन्य व चार दिवस लागले. रुळांचा नाका उठण्यास साठ वर्षें लागलीं.

हा सारा इतिहास आजच्या जगाशींहि जुळतो. आज सुमारें ४४ स्वतंत्र देश समुद्रविहीन आहेत. त्यांच्यासाठीं १९२१ त बार्सिलोना येथें, १९६५ त न्यूयॉर्क येथें आणि शेवटीं १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारांत नियम झाले. या शेवटच्या करारानें भूवेष्टित देशास समुद्रापर्यंत जाण्याचा व येण्याचा हक्क दिला. वाटेंतील देशानें अशा मालावर जकात घेऊं नये, केलेल्या सेवेचा मोबदला तेवढा घ्यावा, असेंहि ठरविलें. मुंबईच्या गोदींत औशाच्या गिऱ्हाइकाकडून जे १५ रुपये घेतले जात, ते या नियमानें घेतां आले नसते. परंतु त्याच करारांत असेंहि आहे कीं, वाटेच्या अटी व रीत दोन्हीं देशांनीं आपसांत ठरवावी. म्हणजे हक्क सर्वांचा, आणि किल्ली वाटेवरच्या देशाकडे.

नेपाळचें उदाहरण आपल्या शेजारचेंच आहे. १९५० पासून नेपाळ व भारत यांच्यांत व्यापार व वाहतुकीचे करार होत आले आहेत. परदेशचा माल कोलकात्यास उतरतो, मोहोरबंद होऊन सीमेकडे जातो, आणि भारताची जकात त्यावर बसत नाहीं. हैदराबादेस जें मिळालें नाहीं तें नेपाळास मिळालें आहे. तरीसुद्धां १९८९ त कराराची मुदत संपल्यावर आणि पुन्हां २०१५ त सीमेवर वाहतूक अडून तेथील लोकांचे फार हाल झाले. २०१५ च्या अडवणुकीस जबाबदार कोण, याविषयीं दोन्हीं बाजूंचीं म्हणणीं निराळीं आहेत, १९४८ प्रमाणेंच. त्यानंतर नेपाळानें विशाखापट्टणची दुसरी वाट मिळविली आणि चीनशींहि करार केला, याचें कारण उघड आहे. एकच दार असलेल्या घरानें दुसरें दार पाडावें हें शहाणपणाचेंच.

सारांश, तहनाम्यांत बंदराचें नांव आहे कीं नाहीं यावरून भूवेष्टित राज्याची सागरी स्थिति ठरवितां येत नाहीं. तेथून माल निघाल्यापासून जहाजावर चढेपर्यंत त्यास किती वेळां उतरावें लागलें, किती नाक्यांवर थांबावें लागलें, आणि किती तिजोऱ्यांत पैसा भरावा लागला, हें पाहिलें पाहिजे. करोडगिरीचीं दफ्तरें, बारशी लाइटचे मालवाहतुकीचे कागद आणि लातूरच्या आडत्यांच्या जुन्या वह्या यांचा अभ्यास या दृष्टीनें व्हावयास हवा. ज्यांच्या घरीं अशा वह्या असतील त्यांनीं त्या रद्दींत न घालतां जपून ठेवाव्या, एवढी विनंती आहे. औशास समुद्र नव्हता. पण समुद्राचा हिशेब त्या वह्यांत आहे.